हे सांगतंय कोण?

कोमलला मी पहिल्यांदा पाहिलं ते बारामतीच्या एसटी स्टँडवर, एका पोराला स्टीलच्या डब्यानं बडवताना. पोरानं गर्दीत तिच्या अंगाला हात लावला होता. डब्याचं झाकण उडालं, भाकरी आणि मेथीची भाजी फरशीवर सांडली, पोराचं नाक फुटलं, तरी हिचा हात थांबेना. शेवटी एका कंडक्टरनं तिला मागं ओढलं. तासाभरानं मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या वर्गात शिरले, तर ही बया पहिल्या बाकावर वही उघडून बसलेली, ओढणीवर त्या पोराच्या रक्ताचे डाग. हजेरी घेताना नाव कळलं आणि मला हसू आवरेना. कोमल म्हणे!

ती निरवांगीहून रोज एसटीनं यायची. घरचा ऊस, दारात ट्रॅक्टर, खाऊनपिऊन सुखी घर. निदान बाहेरून तरी. मी मराठी शिकवते. आशय, सूर, दृष्टिकोन हे शब्द पोरं परीक्षेपुरते पाठ करतात आणि पेपर देऊन मोकळी होतात. कोमलला मात्र ते स्वस्थ बसू द्यायचे नाहीत. कुठलीही कथा शिकवायला घ्या, पहिलं पान संपायच्या आत हिचा हात वर. “मॅडम, हे सांगतंय कोण?”

मी वैतागायचे. “अगं, आधी कथा तर ऐक!”

“कोण सांगतंय ते कळल्याबिगर कसं ऐकू? मारणारा सांगाय लागला की मार कमीच भरतो.”

एकदा अभ्यासक्रमात एक विनोदी कथा होती. आमटीत मीठ कमी पडतं म्हणून नवरा बायकोला पळीनं झोडपतो आणि सकाळी दोघं एकाच बशीतून चहा पितात. सूर कोणता, असं मी विचारलं. मागची पोरं ओरडली, “विनोदी!” कोमल उठली. “लिवणारा ओट्यावर बसलाय, मॅडम. आत चुलीपाशी गेलाच न्हाय.”

“मग तू जाऊन ये,” मी म्हटलं. मला वाटलं, गप्प बसेल. कसली बसतेय!

“मीठ कमी पडलं. पळी कानावर बसली. कानात शिट्टी वाजाय लागली. पोरगी झोपली, भांडी घासून झाली, तरी शिट्टी वाजतच व्हती. आता त्या कानानं तिला कायबी ऐकू येत न्हाय.”

ती कुणाबद्दल बोलत होती, हे विचारायची गरज उरली नव्हती.

तिच्या वडिलांना सगळे तात्या म्हणत. पारावर तात्या नसले तर निरवांगीला करमत नाही, अशी त्यांची ख्याती. एकदा ते कॉलेजात आले आणि स्टाफरूममध्ये त्यांनी मैफलच जमवली. “मॅडम, आमची मंडळी मंजी जुना ट्रॅक्टर. दोन लाथा घातल्याबिगर इंजिन चालूच व्हत न्हाय.” लाथ, इंजिनाची धडधड, बायकोची धावपळ, सगळं करून दाखवलं. माझे सहकारी पोट धरधरून हसले. माणूस सांगण्यात खरोखर पटाईत होता, आणि त्याचाच मला संताप आला. कोमल दारात उभी होती. “तात्या लई भारी सांगतात,” ती म्हणाली. “एकदा आईला बी सांगाय लावू.”

शेवटच्या वर्षाला तात्यांनी काटेवाडीचं स्थळ आणलं. कोमलला एम.ए. करायचं होतं. तिनं नाही म्हटलं, मार खाल्ला, पुन्हा नाही म्हटलं. पाहुणे बघायला येणार होते त्या दुपारी तिनं मला बोलावलं. “या मॅडम. भाईरचं कोण असलं की तात्यांचा हात जरा आवरतो.”

पोहे आले आणि तात्यांनी ट्रॅक्टरची गोष्ट सुरू केली. पाहुणे खदखदून हसले, नवरा मुलगा तर डोळे पुसायला लागला. कोमल त्याच्याकडं बघत होती. मग तिनं ट्रे खाली ठेवला. “आता हेच आतनं सांगते,” म्हणाली. “लाथ कमरंत बसती. लघवीतनं रक्त जातं. तसंच उसात कामाला जायाचं…”

तात्या दोनदा ओरडले. मग त्यांनी पितळी तांब्या उचलून तिच्या कपाळावर हाणला. तो आवाज अजून माझ्या कानातून जात नाही. ती सांडलेल्या पोह्यांत कोसळली. त्यांनी वेणी धरून तिला फरफटवलं, पोटात लाथ घातली. मी मध्ये पडले, तर मला भिंतीवर भिरकावलं. पाहुण्यांतला एकही बाप्या पुढं आला नाही.

तेव्हा आतून तिची आई आली. हातात जेवायला बसायचा लाकडी पाट. तो तिनं नवऱ्याच्या पाठीत असा घातला की ते गुडघ्यांवर बसले. मग पाहुण्यांकडं वळून ती बोलायला लागली. “पोरीला निम्मंच ठावं हाय. ट्रॅक्टरची गोष्ट हे सांगत्यात न्हवं, ती लाथ मारली तवा मी सात म्हैन्याची पोटुशी व्हते. पोरगा व्हता. मेलेला भाईर आला. आन दुसऱ्या दिवशी हे पारावर बसून ट्रॅक्टर सांगत व्हते.”

पाहुणे चपला शोधत निघाले. मी त्या दोघींना गाडीत घालून बारामतीच्या दवाखान्यात आणलं. त्या घरात त्या परत गेल्या नाहीत. आज जळोचीत खोली घेऊन राहतात; कोमल एम.ए. झाली, शाळेत मराठी शिकवते, आणि तिची पोरं तिला टरकून असतात म्हणे.

मला मात्र ती त्या दुपारची आठवते. डॉक्टर कपाळाला टाके घालत होते. ती माझा हात घट्ट धरून छताकडं बघत राहिली. डॉक्टर गेल्यावर हळूच म्हणाली, “मॅडम, ल्हानपणी त्या गोष्टीला सगळ्यांत जास्त मीच हसायची. तात्यांच्या मांडीवर बसून. परत सांगा, परत सांगा म्हणायची.”

आणि मग ती रडली.