वळणारा निळा झोत

प्रयोगशाळेचे पडदे ओढले की काचेच्या गोळ्यात इलेक्ट्रॉनांचा निळसर झोत दिसतो, अगदी सरळ. बाजूच्या तारेच्या वेटोळ्यांत मी वीज सोडली आणि तो हळूच वाकला. वीज वाढवत गेले, तसं त्याचं पूर्ण वर्तुळ झालं.

"घाबरू नको गं, काच नाही फोडत तो," लॅबमधले मामा हसले. "जिथून निघाला तिथंच येतोय बघ."

सर सांगतात, चुंबकीय क्षेत्र कणाला थांबवत नाही. त्याचा वेगही कमी करत नाही, फक्त क्षणोक्षणी थोडंसं वळवतं. मला हे सगळं नीट कळलंय असं नाही, पण पाहताना अंगावर काटा आला. आपण सरळच चाललोय, असं त्या कणाला वाटत असेल का?

आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. मला कुणी अडवलं नाही. अप्पा म्हणाले, हॉस्टेल नको, आत्याकडे राहा. आई म्हणाली, सुट्टी लागली की लगेच ये. परवा आत्या म्हणाली, "एमएस्सीचा फॉर्म भर की, पण आधी मुलाकडची माणसं तुला बघून जाऊ देत." काल ती येऊन गेलीसुद्धा. प्रत्येक वेळी मागणं एवढंसंच होतं, आणि मी हो म्हणत गेले.

वर्तुळाचा व्यास वहीत लिहीत होते, तेवढ्यात अप्पांचा फोन आला.

"बाळा, मुलाकडच्यांना तू पसंत आहेस. फॉर्मचं पुढच्या वर्षी बघू, चालेल ना?"

त्यांचा आवाज मायेनं भरलेला होता. मी "हो अप्पा" म्हणून गेलेसुद्धा.