आत्याचा मुलगा असला म्हणून काय झालं?

अन्याय झाला अकरावीतल्या एका मुलीवर. गेल्या वर्षी, बेंदराच्या, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी, कडेगावच्या भर स्टँडवर. एका पोराने तिचं मनगट पिरगाळलं, मोबाईल हिसकावला आणि स्वतःच्या खिशात घातला. तिचा गुन्हा काय? वर्गातल्या एका मुलाच्या मेसेजवर तिने अंगठा पाठवला होता.

मी ओरडले. साताऱ्याहून आमच्या संस्थेच्या पत्रकांची पिशवी घेऊन मी नुकतीच उतरले होते. बाकड्याजवळ उभ्या आजोबांनी उलट मलाच दटावलं.

"तुमी मधी पडू नका ताई. आत्याचा पोरगा हाय तिचा."

"मग?"

"मग काय? घरचंच मानूस. उद्या लगीन हुईल त्यांचं."

मी त्यांच्या हातात पत्रक दिलं, 'प्रेम कुठलं, पहारा कुठला?' असं ठळक छापलेलं. त्यांनी ते ओल्या बाकड्यावर नीट पसरलं आणि त्यावर बसले.

पुढच्याच आठवड्यात त्या मुलीच्या कॉलेजात मी याच विषयावर नाटुकलं बसवायला गेले. प्राचार्य सज्जन गृहस्थ, पण संहितेत 'बॉयफ्रेंड' शब्द बघून त्यांचा चष्मा नाकावर आला.

"आमच्याकडं असलं काही नाही. हे बदला."

"त्याच्या जागी काय घालू सर?"

"नात्यातलं घाला. सभ्य दिसतं." आणि त्यांनी स्वतःच लाल पेनाने लिहिलं: आत्येभाऊ.

आता आमच्या भागात मामाच्या मुलीवर आत्याच्या मुलाचा पहिला हक्क मानतात. पाळण्यात असल्यापासून दोघांना एकमेकांवरून चिडवतात. सरांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्यांच्या लेखी ते प्रेमप्रकरण नव्हतंच, ते नातं होतं! म्हटलं, होऊन जाऊ दे.

मुलींना नाटकात काम करायची परवानगी नव्हती. त्यामुळे नायिका झाला सैन्यभरतीची तयारी करणारा एक आडदांड गडी. डोक्यावर ओढणी, खाली मिशी. "आला बघा हिचा आत्येभाऊ!" असं निवेदक म्हणाला मात्र, हॉलमध्ये शिट्ट्यांचा कल्लोळ झाला.

"सुपारी कवा फोडताय?"

"सर, तुमचं बी असंच जमलं की!"

सरांच्या सौभाग्यवती त्यांच्या मामाचीच मुलगी. सर पंख्याकडे बघू लागले.

"लोकेशन पाठव," आत्येभाऊ गरजला.

"वर्गात हाय की रं."

"फळ्याचा फोटू पाठव. तारीख दिसली पायजे."

मग फोनची झटापट. ती खोटीखोटी करायची ठरली होती. पण फोन नायिकेचा स्वतःचा, नवाकोरा, त्यामुळे नायिका खरीच पिसाळली. "आरं सोड! मनगट मोडतंय गड्या!"

मी मध्ये शिरून हॉलला विचारलं, "हा सोड म्हणतोय आणि तो सोडत नाही. याला काय म्हणायचं?"

"प्रेम!" पुढची रांग.

"काळजी!" मागची.

"कसली काळजी?" ओढणी भिरकावून नायिका कडाडली. "या हितं, तुमची घेतो काळजी!"

हशा ओसरायच्या आत एक मुलगी उभी राहिली. तीच, स्टँडवरची. "ताई, पण खरंच आत्याचा पोरगा असला तर? माझा फोन अजून त्याच्याकडंच हाय. म्हणतो, कॉलेज सोड, मग देतो."

"फोन तुझा आहे, मागायचा," मी म्हणाले. "पण एकटीने जायचं नाही."

"मी येतो संगं," नायिका म्हणाली.

"तू गप बस," सर म्हणाले. "मी जातो."

आणि तिच्या घरी गेले की! मीही गेले. तिच्या आईने आधी चहा टाकला, मग "पोरगं हळवं हाय वो" असं सुरू केलं. मुलीने बाही वर केली. मनगटावरचा वळ हिरवट पडला होता. आईने चहाचं भांडं खाली उतरवलं आणि वळावरून बोट फिरवलं.

"आमीच त्याला बारका असल्यापासनं जावईबापू म्हणतोय," ती म्हणाली. "त्याला वाटनारच, पोरगी त्याच्या नावावर झाली."

तिने तिथूनच नणंदेला फोन लावला. "वन्सं, पोराला मोबाईल घिऊन धाडा. आन् जावई म्हणून न्हाई, भाचा म्हणून धाडा."

मोबाईल आला. कॉलेज सुटलं नाही. माझा राग मात्र गेलेला नाही. तुमच्या घरात एखाद्या शाळकरी पोरीला कुणाच्या नावाने चिडवत असाल, तर आजपासून तोंड आवरा. आणि हे वाचून झाल्यावर तिला एकटीला बाजूला घेऊन विचारा: तुझा फोन कुणी तपासतं का? ती हो म्हणाली, तर 'घरचाच हाय' म्हणू नका. उठा, चपला घाला आणि तिच्याबरोबर जा.