डॉक्टर प्रोग्रेस म्हणाले होते
परवा दवाखान्यात दंडाला स्पिरिट लावलं आणि त्या वासासरशी नव्वदच्या आसपासचं डहाणूचं ते इस्पितळ डोळ्यांसमोर उभं राहिलं. रेल्वेत नोकरीला असलेला माझा दादा तिथे खाटेवर होता आणि उशाशी वहिनी. खिडकीतून खारा वारा आणि वाळत घातलेल्या बोंबलांचा वास येत होता. मोठे डॉक्टर दादाला तपासून सोबतच्या डॉक्टरांशी इंग्रजीत बोलले. वहिनी तलासरीकडच्या पाड्यातली, चौथी शिकलेली. तिला त्यातले दोनच शब्द कळले. “वन्सं, ऐकलंत? प्रोग्रेस म्हणाले, आणि तोही फास्ट! मी महालक्ष्मीची ओटी भरून येते.” मुलांच्या शाळेत प्रोग्रेस म्हणजे चांगलंच, हे तिला पक्कं ठाऊक होतं. डॉक्टर म्हणाले होते की आजार झपाट्याने वाढतोय. मी तोंड उघडणार, तोच दादाने माझा हात दाबला. “जाऊ दे तिला,” तो पुटपुटला. वहिनी एसटीने विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या देवळात जाऊन आली. तिने दिलेलं प्रसादाचं खोबरं दादाने हसत खाल्लं आणि तो म्हणाला, “आता बरं वाटतंय.” पंधरवड्यात तो गेला. दिवसकार्य आटोपल्यावर वहिनीने मला विचारलं, “डॉक्टर तर प्रोग्रेस म्हणाले होते ना?” मी सांगितलं, आजार वाढला तरी इंग्रजीत तोच शब्द वापरतात. तिने विचारलं, “म्हणजे प्रसाद खाताना त्यांना ठाऊक होतं?” मी हो म्हटलं, आणि तोवर एकदाही न रडलेली वहिनी माझ्या मांडीवर कोसळली. आता ती माझ्याकडेच राहते. तो शब्द आम्हां दोघींत पुन्हा कधी निघाला नाही.