सातही गडी पकडीचे

माझ्या धाकट्या आत्याच्या यजमानांइतका भलत्याच माणसाचं कौतुक करणारा माणूस अख्ख्या पनवेल तालुक्यात दुसरा झाला नाही. आम्ही त्यांना आतोबा म्हणायचो, आणि आमचं ऐकून बाकीचेही. लग्नाला गेलं की सगळे नवरा-नवरीकडे बघत, आतोबा अंतरपाट धरणाऱ्या दोघांकडे बघत. पाच-सहा मंगलाष्टकं होईपर्यंत हात न हलवता उभं राहणं म्हणजे खायचं काम नाही, असं त्यांचं मत. माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात माझे काका, म्हणजे मुलीचे वडील, हात पुढे करून उभे राहिले आणि आतोबा त्यांच्या बाजूने पलीकडे गेले, ते अंतरपाटाचं उजवं टोक धरणाऱ्या कुणा लांबच्या भाच्याचे खांदे चेपायला. काकांनी ते पुढे पाच वर्षं मनात ठेवलं. माझं अपेंडिक्स काढलं तेव्हा आतोबा डझनभर मोसंबी घेऊन दवाखान्यात आले. मी उशीला टेकून बसलो, चेहरा कृतज्ञ केला. मोसंबी स्ट्रेचर धरणाऱ्या वॉर्डबॉयसाठी होती. मला म्हणाले, "तू काय, नुसता झोपला होतास." घरी पुरणपोळी झाली की ते पोळपाटाची तारीफ करत. आत्या म्हणायची, मग पोळपाटाशीच लग्न लावायचं होतंत. त्यावर आतोबा गंभीरपणे पोळपाटाकडे बघत आणि दुसरी पोळी वाढून घेत.

या सगळ्याचं मूळ कबड्डीत होतं. तरुणपणी आतोबा उजव्या कोपऱ्यात खेळत. ज्याने कधी मैदानाच्या कडेला उभं राहून कबड्डी बघितली नाही त्याच्यासाठी सांगतो. समोरचा एक गडी दम घेऊन आपल्या अंगणात येतो आणि कुणाला तरी शिवून परत पळू बघतो, ती चढाई. त्याला परत जाऊ न देणं ही पकड, तिचाही एक गुण. कोपऱ्यातल्या माणसाचं काम सगळ्यात वाईट, कारण त्याने येणाऱ्याचा घोटा वाकून धरायचा आणि त्या पायाच्या लाथा खायच्या. चढाई करणाऱ्याचं नाव लाऊडस्पीकरवर येतं. तो पकडला गेला तरी 'अमुक बाद' असं त्याचंच नाव येतं. ज्याने पकडलं त्याचं येत नाही. आतोबांनी पंधरा वर्षं लोकांचे घोटे धरले, पुढचे दोन दात आणि एक करंगळी त्यापायी घालवली, आणि त्या पंधरा वर्षांत त्यांचं नाव लाऊडस्पीकरवर एकदाच आलं, तेही त्यांनी सायकल रस्त्यात आडवी लावली होती म्हणून. ज्याच्यासाठी ते धरत, तो त्यांच्या संघातला चढाईवाला खेळाच्या जोरावर मुंबईत नोकरीला लागला, त्याचे हार-तुरे झाले. आतोबा तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर झाले. याबद्दल ते कधी एक शब्द बोलले नाहीत, पण बोलले नाहीत म्हणजे टोचलं नाही, असं थोडंच असतं!

बोलायच्या ऐवजी त्यांनी संघ काढला. कागदावर. कारखान्यातल्या रद्द झालेल्या स्टॉक-कार्डांच्या पाठीमागे एकेका गड्याची माहिती लिहायची आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. रविवार उजाडला की स्कूटर काढायची आणि उरण-पनवेलच्या गावांत जिथे सामने असतील तिथे जाऊन बसायचं. 'चिरनेरचा डावा कोपरा. बुटका. घोटा धरला की आईची हाक आली तरी सोडत नाही.' 'मिठागरावर काम. मनगटात जोर. बोलत नाही, उत्तम.' असली कार्डं दहा-अकरा वर्षांत शंभरावर जमली. त्यातून दर रविवारी जेवणानंतर ते सात काढून पत्त्यांसारखे सतरंजीवर मांडत, आणि मला बसवून ठेवत. सातही पकडीचे. मी एकदा विचारलं, आतोबा, चढाईला कोण? त्यांनी माझ्याकडे मंद मुलाकडे बघावं तसं बघितलं आणि समजावून सांगितलं. नियमाप्रमाणे समोरच्या अंगणातली निदानरेषा ओलांडावी लागते. आपल्या माणसाने जायचं, ती ओलांडायची आणि कुणाच्या वाटेला न जाता परत यायचं. गुण मिळवायला जायचं कशाला? समोरचा येणारच आहे, त्याच्या अंगात किडा असतो. आला की धरायचा.

मला पटलं नव्हतं, पण मी पडलो भाचा. खरी पंचाईत त्यांच्याच घरात होती. त्यांचा मुलगा सुहास कॉलेजच्या संघातून खेळायचा आणि तो चढाईवाला होता. चांगला होता, अंगाने चवळीच्या शेंगेसारखा आणि विजेसारखा चपळ. त्याच्या सामन्याला आतोबा जात, पण बसत समोरच्या संघाच्या कोपऱ्यामागे. परत आले की त्या परक्या पोराने पाय कसे रोवले ते सांगत. सुहासने किती गुण मिळवले ते आत्याला शेजाऱ्यांकडून कळे. सुहास त्यांना विचारी, बाबा, त्यांचा कुठला कोपरा कच्चा होता, एवढं तरी सांगा. ते सांगत नसत. कोपऱ्यातल्या माणसाची खोड चढाईवाल्याला सांगणं म्हणजे त्यांच्या लेखी भाऊबंदांत चहाडी करणं होतं. मग सुहासने विचारायचं सोडलं. एका घरात राहून बापलेक दोन-दोन महिने जेवायच्या वेळेपुरतं बोलत. आत्या मला म्हणायची, "अरे, ह्यांना कुणाच्याही पोराचं कौतुक आहे. माझ्याच पोराने काय घोडं मारलंय?"

तेव्हा आम्ही सगळे नवीन पनवेलात राहायला आलो होतो. वसाहत नवी, निम्म्या इमारती अजून जोत्याच्या वर आल्या नव्हत्या, आणि इथे ना देऊळ धड होतं ना कबड्डीचा संघ. थंडीत शेजारच्या गावात स्पर्धा व्हायची. त्या वर्षी एक संघ गळाला आणि कार्यकर्त्यांनी विचारलं, नव्या वसाहतीचा आहे का कोणी? आतोबांनी बिस्किटांचा डबा उघडला. दोन रविवारांत स्कूटरवरून वीस गावं पालथी घातली आणि ज्यांना आपापल्या संघांनी घरी बसवलं होतं, कुणाला वयामुळे, कुणाला वजनामुळे, असे अकरा जण गोळा केले. संघाचं नाव वाघ-सिंहावरून ठेवायला त्यांनी साफ नकार दिला. 'जोते क्रीडा मंडळ, नवीन पनवेल' असं नाव ठेवलं. जोतं कुणी बघत नाही, पण वरचं घर त्याच्यावरच उभं असतं, असं म्हणाले. अर्ज भरायचं काम माझ्याकडे आलं. अर्जात बारा नावं हवी होती. रकाना रिकामा सोडावा की काय या विचारात मी असताना आत्या माझ्या मागे येऊन उभी राहिली. नुसती उभी राहिली. मी बाराव्या रकान्यात सुहासचं नाव लिहिलं आणि आतोबांना सांगितलं नाही. तो माझा भित्रेपणा होता, मी तो कबूल करतो.

सामना सुरू झाला आणि पहिल्या दहा मिनिटांत लोक हसून बेजार झाले. आमचा एकेक धिप्पाड गडी कबड्डी-कबड्डी करत जाई, दुसऱ्याच्या शेतातून पाय जपून चालावं तसा निदानरेषा ओलांडी आणि परत येई. कुणाला शिवणं नाही, हूल नाही, काही नाही. आतोबा बाकावर ताठ बसून होते. मग हसणं हळूहळू कमी झालं, कारण समोरच्यांच्या अंगातला किडा खरंच वळवळायला लागला. त्यांचा नावाजलेला चढाईवाला चिडून आत शिरला आणि आमच्या उजव्या कोपऱ्यातल्या पांडूने त्याचा घोटा धरला. पांडू मिठागरावरचा, चाळिशीला आलेला, आतोबांच्या डब्यातलं सगळ्यात जुनं कार्ड. त्याने धरलं की सुटका नाही. वेळ संपला तेव्हा दोन्हीकडे सहा-सहा गुण होते. मी आतोबांकडे बघितलं, तर त्यांचा चेहरा एखाद्या लहान मुलासारखा झाला होता. जन्मभर ज्याला वेडेपणा म्हटलं गेलं ते इतकं खरं ठरताना मी दुसऱ्या कुणाच्या बाबतीत पाहिलेलं नाही.

पण बरोबरी झाली की पाच-पाच चढाया होतात. दर चढाईला नवा गडी. आतोबांनी दहा वर्षं सगळ्याचा विचार केला होता, बरोबरीचा केला नव्हता. तरीही घाबरायचं कारण नव्हतं, आमच्यांनी आधीसारखंच रेषा ओलांडून परत यायचं होतं. पहिली चढाई समोरच्यांची झाली, मग पंचांनी आमचं पहिलं नाव मागितलं, आणि निवेदकाने ते लाऊडस्पीकरवरून खणखणीत आवाजात पुकारलं, बापाच्या नावासकट, गावासकट. आमचा डावा कोपरा मध्यरेषेवरच थबकला. त्याने केसांवरून हात फिरवला. वीस वर्षं खेळून त्याने स्वतःचं नाव असं कधी ऐकलं नव्हतं. आणि मग तो रेषा-बिषा सगळं विसरून थेट आत घुसला आणि चौघांच्या खाली गाडला गेला. दुसऱ्याचं तेच. तिसऱ्याने तर आधी मंडपात बसलेल्या बायकोकडे बघून घेतलं. आतोबा घसा फोडून सांगत होते, रेषा ओलांडा आणि परत या. कोण ऐकतो! आमच्या चारही चढाया गेल्या. मधल्या वेळात समोरच्यांच्या पाचांपैकी चार जण आमच्यांनी पकडले, एकाने तेवढा गुण नेला. म्हणजे या चढायांत त्यांचे पाच, आमचे चार, आणि आमची शेवटची चढाई उरली. जिंकायला दोन गुण हवे होते. नाव पांडूचं द्यायचं होतं.

पांडू आतोबांच्या पुढे येऊन उभा राहिला. "आतोबा, पोराला धाडा," तो म्हणाला. "आमाला वाईट नाय वाटनार. आमचा काम झाला हाय."

कुठला पोर, असं आतोबांनी विचारलं. मी अर्जाचं सांगितलं; सह्या घेताना पांडूने बारावं नाव वाचलं होतं. मला वाटलं होतं, चिडतील. ते नुसते मागे वळले. मागे सुहास उभा होता, शर्टाच्या बटणांशी चाळा करत. बापाकडे न बघता त्याने विचारलं, इतक्या दिवसांनी परत तोच प्रश्न, "बाबा, कुठला कच्चा आहे?"

आतोबांना मी आयुष्यात इतकं अवघडलेलं पाहिलं नाही. समोर डाव्या कोपऱ्यात एक विशीचा पोरगा गुडघे वाकवून उभा होता, अगदी जीव ओतून. आतोबांनी त्याच्याकडे बघितलं, पांडूकडे बघितलं. पांडूने मान हलवली.

"डावा," ते खालच्या आवाजात म्हणाले. "झेप घ्यायच्या आधी टाच उचलतो. टाच उचलली की शिव."

सुहास गेला. दोन्हीकडे हुलकावण्या दिल्या, थांबला, आणि डाव्या पोराची टाच उचलली जाताक्षणी त्याच्या खांद्याला शिवून मागे फिरला. त्यांच्या उजव्या कोपऱ्याने तेवढ्यात त्याचा घोटा धरला. सुहास त्या माणसाला फरपटत मध्यरेषेपर्यंत घेऊन आला आणि त्याची बोटं रेषेपार गेली. शिवलेल्याचा एक, धरणाऱ्याचा एक, असे दोन गुण. सहा-पाच. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं, निवेदकाने त्याचं नाव पाच-सहा वेळा पुकारलं, 'एकट्याने सामना जिंकून दिला' असंही म्हणाला. आमचे सात जण कडेला बसून पायांच्या पट्ट्या सोडत होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

आतोबा आधी समोरच्या त्या डाव्या कोपऱ्याकडे गेले. तो मुलगा रडत होता. त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी त्याला टाचेची खोड सांगितली, मीच सांगितलं माझ्या पोराला, हेही सांगितलं. मग निवेदकाकडे चिठ्ठी घेऊन गेले, तीत आमच्या सातांची नावं होती, पांडूचं पहिलं. निवेदक भला माणूस होता. वेळ मिळाला की वाचतो म्हणाला. पुढचा सामना लागला, वेळ काही मिळाला नाही. पांडूला ते इतकंच म्हणाले, की तुझं राहिलं रे. पांडूने हसून त्यांनाच चहा पाजला.

घरी निघताना स्कूटर मी घेतली, कारण आतोबांना चालायचं होतं. सुहासही चालत निघाला. मी हळूहळू त्यांच्या मागून येत होतो. मग आतोबा म्हणाले, "त्या उजव्याने तुझा घोटा बरा सोडला?"

"सोडला नाही," सुहास म्हणाला. "अजून दुखतोय."

आतोबा थांबले. रस्त्याच्या कडेला बांधकामाच्या विटा रचलेल्या होत्या, त्यावर त्याला बसवलं, आणि स्वतः खाली मातीत, धुतलेल्या लेंग्यासकट, मांडी घालून बसले. त्याचा पाय त्यांनी मांडीवर घेतला. चप्पल काढली. पंधरा वर्षं ज्या बोटांनी लोकांचे घोटे धरले, त्याच वाकड्या बोटांनी चाचपत विचारलं, "कुठे? इथे?"

"जरा वर," सुहास म्हणाला.