देवीच्या बोकडाचं रुंद कपाळ

त्या वर्षी फाल्गुनात आमच्या गावात जन्मलेल्या निम्म्या करडांची डोकी तांबडी होती. आमच्याकडच्या शेळ्या काळ्या. उस्मानाबादी जातच तशी: अंगानं बेताची, पायांनी काटक, उन्हात दिवसभर चालणारी, बहुतेक वेळा जुळं देणारी. मुरुडच्या बाजारात काळ्या शेळ्यांची रांग दिसली की त्यात आमच्या गावची कुठली हे सांगता यायचं नाही. त्या वर्षी लांबूनच सांगता येऊ लागलं. कारण एकच बोकड.

तो आणला होता आमच्या गल्लीतल्या काकांनी. नात्यानं कुणी नाही, पण सगळं गाव त्यांना काकाच म्हणतं. त्यांचा मुलगा लातूरच्या दवाखान्यात मरता मरता वाचला होता, आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून त्यांनी मरीआईला बोकड कबूल केला होता. मुलगा घरी आला तसे काका उदगीरकडच्या एका फार्मवर गेले आणि टेम्पोतून क्रॉस बोकड घेऊन आले. बाप आफ्रिकन बोअर, आई आपल्याच भागातली. अंग पांढरं, डोकं आणि मान तांबडी, कान लोंबते, नाक पोपटासारखं बाक असलेलं, छाती बैलासारखी. आणि कपाळ! दर मंगळवारी काका त्या कपाळाला हळद लावायचे. एक हात पुरायचा नाही.

"बघा की, कसलं रुंद कपाळ हाय," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. "आईला बारकं दिऊन चालतंय का?"

नवसाचा बोकड आमच्याकडे बांधत नाहीत. त्याला कुणी मारत नाही. तो कुणाच्याही ओसरीवरचं धान्य खातो आणि घरची बाई "खा बाबा" म्हणते. त्याला खच्ची तर करतच नाहीत, कारण देवीला अंगानं शाबूत जनावर लागतं. एरवीचे नवसाचे बोकड गावच्याच शेळ्यांच्या पोटचे असायचे, म्हणून ते वर्षभर मोकळे फिरले तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं. हा मात्र सगळ्यांहून दीडपट होता, आणि वैशाखातल्या जत्रेपर्यंत गाव त्याचं होतं.

माझ्या वहिनीची एक पाठ होती. अजून न व्यायलेल्या शेळीला आमच्याकडे पाठ म्हणतात. वहिनी नायगावकडची. तिच्या आईनं तिला ही शेळी करडू असताना आंदण दिली होती. आमच्या घरात भांडीकुंडी, खाट, पंखा सगळं सगळ्यांचं होतं. ही एकच चीज वहिनीची स्वतःची होती. ती अंगानं फार बारीक होती. "एक पावसाळा जाऊ द्या, मग बोकड दाखवू," असं वहिनीनं ठरवलं होतं, आणि तो बोकडही तिनं हेरून ठेवला होता: पलीकडच्या वस्तीवरचा, काळा, लहान डोक्याचा.

सोयाबीन काढणीच्या दिवसांत वहिनी रानात होती. पाठ माजावर आली होती, अंगणात बांधलेली होती. देवीचा बोकड काट्यांच्या कुंपणावरून उडी मारून आत आला. आईनं खराटा उचलला. कोण आहे ते पाहिलं. खराटा खाली ठेवला आणि हात जोडले. "आई, मरीआई, घिऊन जा गं ह्याला." मी आतून बादली घेऊन पळत येईपर्यंत व्हायचं ते झालं होतं.

संध्याकाळी वहिनीनं जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, पाठ बारीक आहे, इंजेक्शन देऊन गर्भ पाडता येईल, लवकर सांगा. आईनं कानांना हात लावले.

"देवीचं बी हाय ते. ह्या घरात ते पाप न्हाई व्हायचं."

"आणि माझी शेळी मेली तर?"

"मरायला का झालंय तिला? गावात सगळ्याच की गाभण हायत."

वहिनी उठून पाठीला पाणी पाजायला गेली. आमच्या घरात शेवटचा शब्द आईचा असतो, शेळी कुणाचीही असो.

मी गप्प बसणारी नव्हते. बाबांनी उभ्या आयुष्यात मोर्च्यांची पत्रकं लिहिली. मी वाचायला शिकले ती त्याच पिवळ्या, गुलाबी कागदांवरून. मी एका बैठकीत पत्रक लिहिलं. एकाच बापाची करडं गावभर झाली तर पुढच्या फेरीला बहीणभावांचाच संयोग होईल, हे लिहिलं. क्रॉसच्या पोटी क्रॉस आला की कोणतं करडू कुणाच्या वळणावर जाईल ते सांगता येत नाही. एकाचं डोकं तांबडं, त्याच्याच जुळ्या भावाचं काळं, पण नाक आज्याचं. म्हणून नुसता रंग पाहून फसू नका, हेही लिहिलं. या करडांचं वजन भराभर वाढतं हे मी लपवलं नाही. पण पहिलटकरीण बारीक शेळी आणि एवढ्या हाडाचा बोकड, हे जुळत नाही. शेवटची ओळ अशी होती: शेळी जिची, तिनंच बोकड ठरवावा.

देवळाच्या पारावर मी ते मोठ्यानं वाचलं. काका समोरच बसले होते.

"बाई, तुमच्या घरचे माणसांत जात मोडा म्हणतेत," ते म्हणाले, "अन् तू शेळ्यांत जात राखा म्हणायलीस व्हय?"

पार हसला.

"मी शुद्ध-अशुद्ध कुठं म्हणतेय, काका? क्रॉस करा, हरकत नाही. पण विचारून करा. तुमच्या बोकडानं कुणाला विचारलं?"

"बोकड माजा न्हाई, आईचा हाय. जा, तिला इचार."

घरी येऊन मी बाबांकडे पाहिलं. ते पत्रक वाचून झालं होतं त्यांचं. "बरोबर हाय," ते म्हणाले. "पण त्याचं पोरगं जगलंय त्या बोकडावर. हे कागदात कुठं मावत न्हाई."

मोठ्या शेळ्या एकामागून एक व्याल्या. त्यांना जुळी होती, जुळी बारकी असतात, सुटल्या. गावात पेढे वाटल्यासारखा आनंद होता. वहिनी रोज पाठीच्या पोटावर हात फिरवायची आणि एकच म्हणायची, "हिला एकच हाय. एकच लई मोठं हाय."

एका दुपारी गोठ्यात पाठीला कळा सुरू झाल्या. पाण्याची पिशवी फुटली, आणि पुढं काही होईना. पाठ मान वाकडी करून ओरडत होती, मग ओरडणंही बारीक झालं. डॉक्टर लसीकरणाला लांबच्या गावी होते. वहिनीनं फोन स्पीकरवर करून खुंटीवर टांगला.

"काय दिसतंय?"

"नाक. अन् एकच खूर."

"दुसरा पाय मागं दुमडलाय. कुणाचा हात बारीक आहे?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी साबणानं कोपरापर्यंत हात धुतला, तेल लावलं. वहिनीनं शेळीचं डोकं मांडीवर घेतलं. ती शेळीकडं नाही, माझ्याकडं बघत होती.

"कळ थांबली की डोकं हळूच आत ढकला. खूर मुठीत झाकून पुढं घ्या, नाहीतर गर्भपिशवी फाटेल."

आत जागाच नव्हती. माझी बोटं हाडाला हाड घासत सरकत होती. कळ आली की मनगट चेपून निघायचं. दारात सावली पडली. काका आले होते. कुणी बोलावलं नव्हतं.

"काका," वहिनी डोकं न वळवता म्हणाली, "तुमच्या आईला सांगा आता. तिचाच हाय ना."

काका चप्पल काढून आत आले आणि शेळीचे मागचे पाय धरून बसले.

खूर हाताला लागला. मुठीत आला. पाय पुढं आला. आईनं "आलं गं" म्हटलं, पण ते आलं नव्हतं. दोन्ही पाय बाहेर, नाक बाहेर, आणि डोळ्यांच्या वर सगळं अडकलेलं.

"काय अडलंय?" फोनमधून आवाज.

"कपाळ," वहिनी म्हणाली.

काकांनी मान खाली घातली.

"ओढू नका. कपाळाच्या कडेनं बोटं फिरवा, कातडी मागं सारा. कळ आली की खालच्या बाजूला ओढा."

तीन कळा गेल्या की चार, मला आठवत नाही. एकदम सगळं सुटलं आणि करडू माझ्या मांडीवर आलं. पांढरं अंग, तांबडं डोकं. जीभ निळी. वहिनीनं त्याचं नाक पुसलं, गवताची काडी घातली, मागच्या पायांना धरून झुलवलं, छाती चोळली. ते हललं नाही. शेवटी तिनं त्याला जमिनीवर ठेवलं आणि शेळीकडं वळली. शेळीनं मान उचलली. पाण्याच्या भांड्यात तोंड घातलं. वहिनीच्या तोंडून हुंदका फुटला तो तेव्हा.

"जगली," ती फोनला म्हणाली. "करडू गेलं."

"वार पडली का बघा. मी संध्याकाळी येतो. आणि करडू नाही, म्हणजे ती लवकर परत माजावर येईल. यंदा तिला बोकडाजवळ अजिबात जाऊ द्यायचं नाही. पुन्हा असं झालं तर वाचणार नाही."

तेवढ्यात बाहेर बोकडाच्या गळ्यातली घंटी वाजली. वासावर आलेला. देवीचा बोकड कुंपणाशी उभा राहून वरचा ओठ उचलत होता, कपाळावर मंगळवारची हळद.

काकांनी मेलेलं करडू उचललं. त्याच्या डोक्यावरून एकदा अंगठा फिरवला आणि ते ओढ्याकडं पुरायला घेऊन गेले. ते परतले तेव्हा वहिनी ओसरीवर दाभण आणि रिकामं पोतं घेऊन बसली होती.

"ह्याच्या पोटाखाली बांधायचं," ती म्हणाली. "फिरू द्या, खाऊ द्या. पण कुठल्या शेळीवर उडता येऊ न्हाई. बांधत न्हाई, कापत न्हाई. शाबूतच राहतंय तुमचं."

"आई कोपंल."

मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी आई बोलली. खराटा खाली ठेवणारी तीच आई.

"आई सोता लुगडं नेसून बसलीया. तिच्या बोकडाला लंगोट बांधला तर कोपती व्हय ती? धरा त्याची शिंगं."

काकांनी कुंपणाबाहेर जाऊन शिंगं धरली. वहिनीनं पोटाखालून पोतं घेतलं, पाठीवर दोरी ओढली. बोकड फुरफुरला, पाय आपटले. पोटाखालचा पडदा गुडघ्यापर्यंत लोंबत होता. गल्लीतल्या बाया दारात येऊन उभ्या होत्या. कुणी हसलं नाही.

"जरा सैल कर गं," काका हळूच म्हणाले. "बोचंल त्याला."

वहिनी उठून आत गेली. जुन्या साडीचा तुकडा आणून तो पोत्याच्या आतून लावला. गाठ मात्र तेवढीच घट्ट मारली.