आयोडीनची रेघ

किस्से साठतात ते गप्प बसणाऱ्यांकडे. बोलणारे तिथल्या तिथे बोलून मोकळे होतात. माझ्यासारखीचं नुसतं डोकं तापतं!

लढाईची वर्षं होती. लग्न होऊन जबलपूरला आले आणि बी.एस्सी. असल्यामुळे नवऱ्याच्याच बारूद फॅक्टरीत लॅबला लागले. काम एवढंच: नळीत बारूद गरम करायची, वर पोटॅशियम आयोडाइड आणि स्टार्चची पट्टी टांगायची. बारूद बिघडलेली असेल तर तिच्या वाफेनं पट्टीतलं आयोडीन सुटतं, तपकिरी रेघ उमटते. रेघ लवकर आली की लॉट नापास. पास झालेला लॉट फिलिंगला, म्हणजे तोफगोळ्यांत भरायला जायचा. फिलिंगला माझा नवरा होता.

सासूबाई म्हणाल्या, “काहून वं, दिवसभर कागद पाहाचा, अन् त्याचा पगार भेटते?”

“हो. कागद पांढरा राहिला तर तुमचे चिरंजीव संध्याकाळी घरी येतात.”

दुसऱ्या दिवसापासून माझा डबा त्या भरू लागल्या!

आमचे लॅबप्रमुख बोरकरसाहेब सासऱ्यांचे मित्र. म्हणून लॅबमध्येही माझं नाव ‘सूनबाई’! पहिल्याच दिवशी ओरडले, “पट्टीला हात नका लावू, मेंदी आहे!” आणि स्वतः चुना-तंबाखूच्या बोटांनी पट्टी उचलून दाखवली. चिमटा माझ्या हातात होता!

मग इन्स्पेक्शन आलं. साहेबांनी लॅबची फरशी ब्लीचिंग पावडरनं धुऊन घेतली. क्लोरीनच्या वासानं डोळे चुरचुरत होते. क्लोरीननंही आयोडीन सुटतं, आणि ते जास्त झालं की स्टार्च निळा पडतो. रिकाम्या नळीतल्या पट्ट्यासुद्धा निळ्या!

साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, “सूनबाईंचा पायगुण!”

शेजारच्या टेबलावरचे शुक्लाजी नाकाला रुमाल लावून हसले. मी राग गिळला.

एकदा मात्र गिळला नाही. त्या लॉटची रेघ फार लवकर आली. तीनदा चाचणी केली, तिन्ही वेळा तेच. साहेबांनी पट्टी हातात घेतली आणि चष्मा काढून खिशात ठेवला.

“कुठाय रेघ? लढाई चालू आहे, अन् तुम्ही कागद पाहून राहिल्या! पास लिहा.”

मी सँपलची बाटली उचलून त्यांच्या टेबलावर ठेवली. “लिहिते. आज ही घरी न्या. काकूंच्या उशाशी ठेवा. उद्या सकाळी तुम्ही आलात, की लिहिते.”

साहेब खुर्चीसकट मागे सरकले. बाटलीकडे बघत बघतच खिशातून चष्मा काढून लावला.

“आहे,” म्हणाले. “बारीकशी.”