खाली घेतलेली रायफल

श्रीगजाननास आणि कुलस्वामिनीस वंदन करून लिहावयास बसलो आहे. आज खंडेनवमी. देवापुढच्या पाटावर घरातील विळी, सूनबाईंची कात्री आणि माझी जीर्ण पोथी यांच्या शेजारी यंदा प्रथमच एक रायफल विसावली आहे. तिला झेंडूचे फूल वाहताना जे आठवले, ते येथे नोंदवतो.

रायफल माझ्या नातीची. म्हणजे तिला नेमबाजी शिकवणाऱ्या बाईंनी सरावासाठी घरी दिलेली, हवेच्या दाबाने छर्रा सोडणारी. नात नववीत. रविवारी दादरला जाऊन ती खरे छर्रे मारी. इतर दिवशी घरी, छर्रा न भरता, नुसता नेम, श्वास आणि चाप यांचा अभ्यास.

आमचे घर ठाकूरद्वारच्या चाळीतले, दोन खोल्यांचे. नेमाला लांबी हवी म्हणून ती आतल्या स्वयंपाकघरात मोरीजवळ उभी राही आणि मधल्या दारातून, बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर चिकटवलेला काळा ठिपका न्याहाळी. रायफल रिकामी असली तरी तिच्यापुढून कोणी जायचे नाही, हा बाईंचा पहिला नियम. त्यामुळे तेवढा वेळ आत असलेला आत अडके आणि बाहेरचा बाहेर. देवघर स्वयंपाकघरात, तेव्हा मी नेहमी आतल्यांत. सूनबाई ऑफिसची पर्स खांद्याला लावून ओट्याशी तिष्ठत. शेजारच्या वहिनी दारातून विचारीत, "आज संचारबंदी कितीपर्यंत?"

नातीची कोंडी याहून मोठी होती. अंगात कुणीतरी वापरून दिलेले जाड कॅनव्हासचे जॅकेट. त्याचे बंद आवळले की कमरेत वाकता येत नसे. तेही तिने सोसले असते. परंतु एकदा उचललेली रायफल तिला खाली घेता येईना. नेम क्षणभर स्थिरावतो, तो क्षण हुकला की दृष्टी धूसर होते, हात कापू लागतात. अशा वेळी रायफल उतरवावी, श्वास घ्यावा आणि पुन्हा उचलावी, असे शास्त्र. ही मात्र धरून राही, लालबुंद होई आणि शेवटी केवळ सुटका व्हावी म्हणून चाप ओढी. छर्रा भलतीकडे जाई.

एका रविवारी बाईंनी मला बाजूला बोलावले. "आजोबा, तिला सगळं कळतं, पण हात ऐकत नाहीत. अशीच राहिली तर स्पर्धेत नाही उतरवणार मी तिला. उगाच खचेल. घरी तुम्ही सांगून बघा."

मी होकार दिला आणि अडकलो. आमच्या घरात पाठाला बसलेला माणूस पाठ संपल्यावाचून आसन सोडत नाही. माझ्या वडिलांनी मला तेच दिले, आणि ही पोर तर रांगत असल्यापासून माझ्या आसनाला टेकून ते पाहत आलेली. त्याच तोंडाने तिला 'अर्ध्यावर सोड' असे कसे सांगावे? अनेकदा संध्याकाळी तिला जवळ बोलावले आणि शाळेची चौकशी करून परत पाठवले.

मग एका सकाळी माझा नित्यपाठ चालू होता, तिचा सराव चालू होता आणि सूनबाई घड्याळ पाहत उभ्या होत्या. नातीचा श्वास थांबल्याचे न पाहताही मला कळले. तो सुटेना. माझी जीभ शब्द उच्चारीत होती, पण चित्त त्या कोंडलेल्या श्वासात गुंतले होते. मधले श्लोक कोठे गेले, ते सांगता आले नसते. पाठ तसाच पुढे रेटता आला असता. मी थांबलो. पळीने पाणी घेऊन आचमन केले आणि हात जोडले.

चाप वाजला. पाठोपाठ तिचा प्रश्न आला, "आबा, मध्येच थांबलात?"

"मन सुटलं होतं. नुसत्या जिभेनं पुरं करून काय उपयोग? पहिल्यापासून म्हणतो."

"असं चालतं?"

"पाणी घ्यायचं आणि पुन्हा आरंभ करायचा. चालतं."

"बाबा, तेवढ्यात मी निघू का?" सूनबाई म्हणाल्या.

याविषयी आम्ही पुढे काही बोललो नाही. मात्र मधूनमधून रायफल खाली येऊ लागली, आणि बाईंनी तिचे नाव स्पर्धेस दिले.

स्पर्धेच्या दिवशी मी काचेमागच्या बाकावर होतो. बोलायचे नाही, उठायचे नाही. पायाला मुंग्या आल्या तरी हलवत नव्हतो, नामस्मरणही विसरलो होतो. बरेच छर्रे मारून झाल्यावर एकदा तिने रायफल उचलली आणि ती तशीच धरून राहिली. कोपर कापू लागले. शेजारचे नेमबाज छर्र्यामागून छर्रा सोडीत होते, भिंतीवरचे घड्याळ वेळ खात होते.

नळी हळूहळू खाली आली. तिने रायफल स्टँडवर टेकवली, बाटलीतले घोटभर पाणी घेतले, डोळे मिटले. मग पुन्हा उचलली.

तो छर्रा कोठे लागला, ते माझ्या म्हाताऱ्या डोळ्यांना दिसले नाही. निकालात तिचे नाव बरेच खाली होते. परतताना तिने गुणांचा विषय काढला नाही. रायफल कोणत्या वेळी खाली घेतली, तेवढे मात्र पुनःपुन्हा सांगितले.

आज पूजेतल्या वस्तूंना हात लावायचा नाही, त्यामुळे सराव बंद आहे. सूनबाई सकाळपासून काही कारण नसताना मधल्या दारातून ये-जा करीत आहेत.

वाचकहो, तुमच्या घरातील दारे अशीच मोकळी राहोत, हाती घेतलेले कार्य सिद्धीस जावो, आणि ते क्षणभर खाली ठेवावे लागले तर पुन्हा उचलण्याचे बळ जगदंबा तुम्हांस व तुमच्या लेकराबाळांस देवो. शुभं भवतु.